लीवर्ड म्हणजे वाऱ्याचं खालचं अंग

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या शाळेत भूगोल शिकवता. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उतार वाताभिमुख आणि पूर्वेकडचा वातविन्मुख, असं तुम्ही फळ्यावर लिहिलंत. वातविन्मुखला इंग्रजीत ‘लीवर्ड’ म्हणतात आणि त्यातल्या ‘ली’चा अर्थ आडोसा, हेही सांगितलंत. आठवड्याभराने एक मुलगा इंग्रजी गोष्टीतलं वाक्य घेऊन आला. वादळात सापडलेल्या जहाजाच्या कप्तानाला पहाटे ‘ली शोअर’ दिसतो आणि त्याचा चेहरा उतरतो. मुलाने शब्दाला शब्द ठेवून अर्थ लावला, ‘आडोशाचा किनारा’. मग त्याने विचारलं, की आडोसा दिसल्यावर कप्तान घाबरला कशाला? तुम्हालाही उत्तर सापडेना, म्हणून तुम्ही लीवर्डचा नेमका अर्थ आणि वापर विचारला आहे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. मी केज तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो, एकतीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची बारा कप्तान म्हणून. या एका शब्दावरून नव्या पोरांचा गोंधळ उडालेला मी जहाजावर कितीदा पाहिला आहे. त्याला जो अर्थ खटकला तो खटकायलाच हवा होता.

लीवर्ड ही जागा नाही, ती दिशा आहे. शिवाय ती दिशा कशाच्या तरी मानाने सांगायची असते. वारा जिकडे वाहत जातो ती बाजू लीवर्ड आणि जिकडून येतो ती विंडवर्ड. आपण मराठीत वारा ‘वाहतो’ म्हणतो, पाणी वाहतं तसाच. ओढ्याला जसं वरचं अंग आणि खालचं अंग असतं तसं वाऱ्यालाही असतं, असं धरून चाला. वरचं अंग विंडवर्ड, खालचं अंग लीवर्ड. मला हे जहाजावर जाण्याआधीच ठाऊक होतं, फक्त इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता. खळ्यावर ज्वारी उपणताना आजी ओरडायची, ‘खालच्या अंगाला उभा राहू नकोस, डोळ्यात भूस जाईल.’ दाणा जड, तो पाटीखालीच पडायचा. भूस वाऱ्याबरोबर जायचं ते लीवर्डला. कापसावर फवारणी करणारा शहाणा माणूस वारा पाठीवर घेऊन चालतो, म्हणजे औषधाचा फवारा त्याच्या लीवर्डला जातो आणि नाकातोंडात येत नाही. जहाजावर रंगाचे डबे, गंज खरवडण्याची यंत्रं, कचऱ्याच्या पेट्या हाताळताना हेच पाळतात. आमच्या पहिल्या जहाजावरचा सारंग रत्नागिरीकडचा होता. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा तो मुकादम. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तो विचारायचा, ‘वारा कुठला?’ उत्तर देता आलं नाही तर काम सुरू करू द्यायचा नाही.

इथे एक अडचण मुलांना हमखास येते, ती आधीच सोडवा. वाऱ्याला नाव पडतं तो जिथून येतो त्या दिशेवरून. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात आणि ईशान्येकडे जातात. म्हणून नैऋत्येचा वारा असताना लीवर्ड ईशान्येला. समुद्रातल्या प्रवाहाचं मात्र उलट आहे, त्याला नाव पडतं तो जिकडे जातो त्या दिशेवरून. पूर्वेचा वारा आणि पूर्वेचा प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध जातात. जहाजावरच्या नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे मी कागदावर बाण काढून दाखवतो. नुसतं बोलून ते डोक्यात शिरत नाही.

आता आडोसा. ‘ली’ हा जुन्या इंग्रजीतला ‘ह्लेओ’. त्याचा अर्थ आसरा, आडोसा. कडब्याच्या गंजीमागे थंडीत बसतो, पावसात वळचणीला उभे राहतो, तो आडोसा म्हणजे ली. मधे काहीतरी उभं आहे आणि आपण त्याच्या खालच्या अंगाला आहोत, म्हणून वारा आपल्यापर्यंत पोचत नाही. ‘इन द ली ऑफ द आयलंड’ म्हणजे बेटाच्या आडोशाला. भूगोलाच्या पुस्तकात आडोसा देणारा आहे डोंगर. त्या मानाने लीवर्ड उतार आडोशात येतो, वाऱ्यातला पाऊसही डोंगराच्या अलीकडच्या बाजूलाच उतरून जातो. इथपर्यंत तुमच्या मुलाचं बरोबरच आहे.

चूक पुढच्या पावलाला झाली. त्याने किनाऱ्याला डोंगराच्या जागी बसवलं. ‘ली शोअर’मध्ये मोजणी सुरू होते जहाजापासून. जहाजाच्या लीवर्डला असलेला किनारा तो ली शोअर, म्हणजे वारा जहाजाला ज्या किनाऱ्याकडे ढकलतो आहे तो. आडोसा जहाज देतं आहे, किनाऱ्याला. जहाजाला आडोसा कोणाचाच नाही. शिडांच्या काळात याहून वाईट जागा नव्हती. चौकोनी शिडांची जहाजं वाऱ्याच्या दिशेशी पासष्ट-सत्तर अंशांच्या आत जाऊ शकत नसत. नागमोडी जाऊन वाऱ्यावर चढायचं म्हटलं तरी जोराच्या वादळात जहाज जितकं पुढे सरके त्याहून जास्त आडवं घसरे. किनारा जवळ येत राही. शेवटचा उपाय नांगर, आणि नांगर धरला नाही की खडक.

१८५९ सालच्या ऑक्टोबरमध्ये ‘रॉयल चार्टर’ नावाचं जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलकडे येत होतं. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींतून परतणारी माणसं त्यात होती. त्याला शिडंही होती आणि वाफेचं इंजिनही. वेल्सजवळच्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यापाशी उत्तरेकडचं वादळ त्याच्यावर आलं आणि तो किनारा त्याचा ली शोअर झाला. नांगर टाकले, साखळ्या तुटल्या, वाऱ्याला धरायला जागा राहू नये म्हणून डोलकाठ्या कापून टाकल्या. इंजिन पुरं पडलं नाही. २६ ऑक्टोबरच्या सकाळी जहाज खडकांवर फुटलं आणि सुमारे साडेचारशे माणसं गेली, किनारा डोळ्यांसमोर असताना. या घटनेनंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी वादळाची आगाऊ सूचना बंदरांना तारेने कळवायची व्यवस्था उभी केली, ती १८६१ पासून सुरू झाली. डार्विन ज्या ‘बीगल’वर गेले त्या जहाजाचे हेच कप्तान. आज आपण मोबाइलवर वादळाचा इशारा वाचतो, त्याच्या मुळाशी एक ली शोअर आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको. पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या प्रत्येक जहाजाला कोकणचा सगळा किनारा हा ली शोअरच असतो. २०११ च्या जूनमध्ये ‘विस्डम’ हे जहाज अलंगला भंगारात काढण्यासाठी ओढत नेत होते. मधेच दोर तुटला आणि ते जुहूच्या वाळूत येऊन बसलं. त्याच पावसाळ्यात ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला ‘पॅव्हिट’ हा छोटा टँकर, वर एकही माणूस नसताना, अरबी समुद्र ओलांडून ३१ जुलैला जुहूलाच लागला. त्याला कोणी सुकाणू धरून आणलं नव्हतं. वारा, लाटा आणि पाणी खालच्या अंगाला नेत राहिले, आणि खालच्या अंगाला मुंबई होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. इंजिन चालू नसलेलं जहाज आणि खालच्या अंगाला जमीन, एवढं जुळून आलं की पुढचं सांगावं लागत नाही. कप्तान म्हणून पावसाळ्यात या किनाऱ्याने जाताना मी नेहमी दोन-चार मैल जास्त बाहेरून जायचो. इंधन थोडं अधिक जळतं, पण इंजिन बंद पडलंच तर दुरुस्तीला तेवढे तास हातात राहतात.

याच्या उलट बाजू पाहा म्हणजे शब्द पक्का होईल. ‘बेटाचा लीवर्ड किनारा’ म्हटलं की मोजणी बेटापासून, आणि तो किनारा सुरक्षित. मुरूडच्या जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा राजपुरी गावाकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला आहे. पावसाळी वारा समुद्राकडून येतो, तेव्हा किल्ला स्वतःच त्या दरवाज्याला आडोसा देतो. दरवाजा किल्ल्याच्या लीवर्डला झाला. पण त्याच वेळी पश्चिमेला समुद्रात असलेल्या होडीला आख्खा जंजिरा लीवर्डला आहे आणि ती होडी किल्ल्याच्या तटावर आपटू शकते. वारा एकच, दगडही तेच. मोजणारा बदलला की अर्थ उलटला. म्हणून जहाजावर कोणी नुसतं ‘लीवर्डला’ म्हटलं तर आम्ही लगेच विचारतो, ‘कशाच्या?’ हा एवढा प्रश्न तुमच्या वर्गात रुजला तरी पुष्कळ झालं.

जहाज स्वतः आडोसा कसा देतं ते सांगतो, कारण ‘ली’ शब्दाचा रोजचा वापर तिथे आहे. बंदरात शिरण्याआधी वाट दाखवणारा पायलट छोट्या बोटीतून येतो आणि जहाजाच्या अंगावर सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतो. जुलैचा महिना, मुंबईबाहेर आम्ही उभे. वारा नैऋत्येचा, लाटा मोठ्या. जहाजाचं तोंड बंदराकडे असेपर्यंत वारा मागून येत होता आणि दोन्ही बाजूंना सारखीच उसळ होती. पायलटची बोट शिडीखाली येई, एका लाटेने वर जाई आणि पुढच्या लाटेत दिसेनाशी होई. रेडिओवर निरोप आला, ‘कॅप्टन, स्टारबोर्डला ली द्या’, म्हणजे उजव्या बाजूला आडोसा करा. मी जहाज वायव्येकडे वळवलं. आता वारा डाव्या कुशीवर बसला आणि उजव्या बाजूला, जहाजाच्या दोनशे मीटर लांबीच्या भिंतीमागे, पाणी बऱ्यापैकी निवलं. उसळ पूर्ण थांबत नाही, पण शिडीवर पाय ठेवता येईल इतकी कमी होते. पायलट वर आला. वय पन्नाशीचं असेल. शर्ट भिजलेला, हाताला दोर घासून साल निघालेली. त्या दिवसापासून ‘ली’ शब्द उच्चारला की मला पुस्तकातला डोंगर आठवत नाही, त्या माणसाचे हात आठवतात. याला ‘टू मेक अ ली’ म्हणतात, आपण ‘आडोसा करून देणे’ म्हणू. समुद्रात माणूस पडला तर त्याला उचलणाऱ्या बोटीसाठी जहाज असंच वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणून उभं करतात. त्यात धोकाही आहे. जहाज स्वतः वाऱ्याबरोबर घसरत त्या माणसाच्या अंगावर जाऊ शकतं, म्हणून अंतर सांभाळावं लागतं.

ते घसरणं म्हणजे ‘लीवे’. जहाजाचं तोंड एका दिशेला असतं, पण वारा त्याला थोडं आडवं, लीवर्डकडे सरकवतो. त्या दोन दिशांमधला कोन म्हणजे लीवे, आणि नकाशावर मार्ग आखताना तो अंशांत हिशेबात धरावा लागतो. रिकामं जहाज पाण्याबाहेर उंच दिसतं, त्याला वारा जास्त लागतो आणि त्याचा लीवे जास्त. भरलेल्याचा कमी. किनारा खालच्या अंगाला असेल तेव्हा घसरायला जागा राखून ठेवणं हा जीव वाचवण्याचा भाग होता. यावरून बोलण्यातल्या इंग्रजीत लीवेचा अर्थ आला सवड, मोकळीक. बँकेने हप्ता भरायला ‘लीवे’ दिला म्हणजे थोडी सवलत दिली. तुमची मुलं वर्तमानपत्रात हा शब्द वाचतील तेव्हा त्यामागचं घसरणारं जहाज त्यांना दिसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नियमांच्या पुस्तकातही हा शब्द फुकट आलेला नाही. समुद्रातल्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला बारावा नियम शिडाच्या नौकांचा. दोन नौकांना वारा एकाच बाजूने लागत असेल तर वरच्या अंगाच्या नौकेने खालच्या अंगाच्या नौकेला वाट द्यायची. क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना मात्र हा शब्द दुसरीकडूनच ठाऊक असतो. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि कर्टली अँब्रोज अँटिग्वाचे, ते वेस्ट इंडीजच्या देशी स्पर्धांत ‘लीवर्ड आयलंड्स’कडून खेळत. त्या भागात वारा वर्षभर पूर्वेकडून येतो आणि शिडाच्या जहाजांच्या वाटेवरून त्या बेटांना ही नावं पडली. ग्रेनाडा, सेंट लुसिया ही विंडवर्ड बेटं, अँटिग्वा, सेंट किट्स ही लीवर्ड. डॉमिनिका १९४० पर्यंत कारभारासाठी लीवर्डमध्ये होतं, मग विंडवर्डमध्ये घातलं. वारा होता तिथेच होता, कागद बदलले. तेव्हा नकाशावर हे नाव दिसलं म्हणून ते बेट आडोशाला आहे असं समजू नये.

उच्चाराबद्दल: पुस्तकात आणि वर्गात ‘लीवर्ड’ चालतं. जुने खलाशी मात्र ‘लूअर्ड’ म्हणतात. जहाजावरच्या नोकरीच्या तोंडी परीक्षेत इंग्रज परीक्षकाने तसं म्हटलं तर मुलांनी गडबडू नये. वाक्यात वापरताना ‘टू लीवर्ड’ म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ‘टू लीवर्ड ऑफ अस’ म्हणजे आमच्या खालच्या अंगाला. विंडवर्ड बाजूला जहाजावर ‘वेदर साइड’ही म्हणतात. मराठीत भूगोलापुरतं वातविन्मुख ठीक आहे, पण बोलताना मी ‘खालचं अंग’च म्हणतो, आणि ‘आडोसा’ फक्त खरोखर आडोसा असेल तिथेच.

आता आपल्या भागाकडे येतो, कारण तुम्ही शिकवता ते शेवटी इथलंच आहे. नैऋत्येचा तो एकच वारा डोळ्यांसमोर आणा. समुद्रातल्या जहाजाला तो कोकणकडे ढकलतो, म्हणून कोकण जहाजाचा ली शोअर. तोच वारा पुढे सह्याद्रीवर चढतो, म्हणून तेच कोकण सह्याद्रीचं विंडवर्ड अंग. चढताना हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात, पाऊस पडतो. माथा ओलांडून उतरताना कोरडी हवा किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते आणि ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजारसुद्धा नाही. त्याच वाऱ्याच्या आणखी खालच्या अंगाला तुमचं पाटोदा आणि आष्टी.

पण मराठवाडा सगळा एकसारखा वातविन्मुख असं शिकवू नका, ही माझी विनंती. बीडकडून नांदेडकडे जाल तसा पाऊस वाढत जातो. सह्याद्रीची सावली पूर्वेकडे विरळ होते आणि बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे नांदेड, हिंगोलीपर्यंत पाऊस घेऊन पोचतात. तो पाऊस मुळी सह्याद्रीकडून येतच नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा वारा असतो तेव्हा तिथली पूर्व बाजू विंडवर्ड होते. वारा फिरला की अंगं फिरतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिली गाडी १२ तारखेला पाच लाख लिटर घेऊन आली. कृष्णेचं पाणी, महाबळेश्वराच्या बाजूला वाऱ्याने आधीच उतरवलेलं. फळ्यावरच्या दोन उतारांची ही गोष्ट आमच्या लातूरच्या नातेवाइकांनी तेव्हा घागर घेऊन रांगेत उभं राहून अनुभवली.

वर्गात करून घ्यायचं असेल तर तुमच्याकडे साधन फुकट आहे. पाटोदा, केज भागातल्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती आपोआप वाऱ्याकडे तोंड करतात. पात्यांचं तोंड जिकडे तिकडे विंडवर्ड, पाठ जिकडे तिकडे लीवर्ड. मुलांना मैदानावर नेऊन लांबूनच दाखवा. एकाला डोंगर करा, एकाला जहाज, एकाला किनारा, वाऱ्याच्या ओळीत उभे करा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्या खालच्या अंगाला कोण? मग सगळ्यांना आहेत तिथेच ठेवून वारा उलट दिशेने धरायला सांगा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

आणि त्या मुलाच्या वाक्याचा अर्थ असा लावून द्या: ‘पहाट झाली तेव्हा वारा आपल्याला ज्या किनाऱ्याकडे ढकलतो आहे तो किनारा कप्तानाला समोर दिसला, आणि त्याचा चेहरा उतरला.’